वांग्यांची माळ

धुळवडीच्या संध्याकाळी, रंग धुऊन झाले की आमचा सगळा कसबा ठाकूरजींच्या, म्हणजे कृष्णाच्या, देवळाच्या चौकात जमतो. त्या दिवशी गाभाऱ्याचा पडदा ओढत नाहीत. देवालाही हसायचं असतं. कवी हरप्रसाद ‘झुनझुना’ ओसरीवर बसून गावातल्या बड्या माणसांना पदव्या देतात, दोन-दोन ओळींत. ज्याला पदवी मिळेल त्याने उभं राहायचं, गळ्यात वांग्यांची माळ घालून घ्यायची, हात जोडून हसायचं. कवीवर कोणी रागवायचं नाही, आणि माळ घालून घेतलेल्याला त्या गोष्टीवरून पुन्हा कोणी टोकायचं नाही. ब्रजभूमीतली आमची ही रीत फार जुनी.

त्या वर्षी होळीच्या आधी एका दुपारी देवळातली कथा संपली, आरती झाली, माणसं पांगली. कथेला मी पेटीची साथ करतो. भाता बंद करत होतो. शेजारी झुनझुनाजी प्रसादाचा पेढा घेऊन बसलेले. तेवढ्यात शेजारच्या खेड्यातला डालचंद रंगरेज आला आणि त्याने आपली पगडी त्यांच्या पायावर ठेवली.

डालचंदची मुलगी विमलेश आमच्या गावात, मुकुटलाल पेढेवाल्याच्या मुलाला दिली होती. माघात ती गच्चीवरून पडून गेली. पापड वाळत घालताना पाय घसरला, असं मुकुटसेठनी सांगितलं आणि ठाण्याच्या दरोग्याने तेच लिहून घेतलं. पडली ती दिवेलागणीनंतर, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. बोललं कोणी नाही.

“पंचांकडे गेलो, तर म्हणाले, सासरघरचा मामला आहे, बाबा,” डालचंद म्हणाला. “आता तुम्हीच बोला, पंडितजी. गेल्या साली तहसीलदाराला तुम्ही ‘पेंगणारा बैल’ म्हणालात, तर तो हसत उठला. तुम्हाला कोण अडवणार?”

“अरे, मी विदूषक माणूस! माझ्या तोंडून रामनाम निघालं तरी लोक पोट धरून हसतात.”

“हसू देत. ऐकतील तर खरं! एकदा चारचौघांत कोणी म्हणावं, की माझी पोर आपण होऊन पडली नाही. बस, एवढंच.”

झुनझुनाजींनी पेढ्याकडे पाहिलं. देवळाचे पेढे मुकुटसेठच्याच दुकानातून येतात. त्यांनी तो परत द्रोणात ठेवला आणि पगडी उचलून डालचंदच्या डोक्यावर घातली.

पुढचे दिवस त्यांनी कसे काढले, ते मी पाहिलं. ओळ जुळवायचे, मला म्हणून दाखवायचे, खोडायचे.

“नुसतं सरळ सांगून टाका ना,” मी म्हणालो.

“सरळ बोललो तर दुसऱ्या शब्दाला खाली ओढतील. हसू आलं तरच पदवी, भैयाजी. माझ्याकडे दुसरं हत्यारच नाही.”

धुळवडीला चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. डालचंद दाराशी खांबाला टेकून उभा होता. दरोगा झाला, वैद्यजी झाले, वांग्यांच्या माळा पडत गेल्या. मग झुनझुनाजींनी घसा साफ केला.

“मुकुटलाल सेठ! पदवी, चांदण्यात वाळवणारे!

मुकुटसेठच्या गच्चीवरती रात्री पडतं ऊन,
पापड राहतात खाटेवरती, खाली पडते सून!”

सगळ्यांच्या माना मुकुटसेठकडे वळल्या. मला वाटलं, पोचलं. आता कोणीतरी उठेल, विचारेल.

मुकुटसेठ उठले. चेहऱ्यावरचा घाम त्यांनी उपरण्याने पुसला, आणि हात जोडून मोठ्याने हसले. “वाह, पंडितजी, वाह! शिरसावंद्य!” मान पुढे करून त्यांनी माळ घालून घेतली.

ते हसले तसा सगळा चौक हसला. सुटल्यासारखा हसला. “चांदण्यात वाळवणारे! और एक बार, पंडितजी!” दरोगा तर मांडीवर थापा मारत होता. माळ पडली होती. आता त्या गच्चीवरून मुकुटसेठना कोणी काही विचारू शकत नव्हतं. रीतीचा हा दुसरा अर्धा भाग आम्हा तिघांपैकी कोणाच्याच ध्यानात आला नव्हता.

डालचंद पुढे घुसू लागला. “हसताय काय? अरे, माझी लेक आहे ती!” कोणीतरी प्रेमानेच त्याच्या कपाळाला गुलाल फासला. “बाबा, आजच्या दिवशी रागवायचं नाही.” तो गुलाल न पुसताच तो मागे खांबाशी जाऊन उभा राहिला.

शेवटची पदवी ठाकूरजींची. दर साली लोणीचोर, वस्त्रचोर असं काहीतरी, आणि सगळ्यात मोठा हशा तिथेच. झुनझुनाजी गाभाऱ्याकडे वळले. दोनदा घसा साफ केला, ओळ जुळेना. लोक त्यालाही हसले.

“ठाकूरजी,” ते शेवटी म्हणाले. दोहा नव्हता, चालही नव्हती. “तुमची पदवी, साक्षीदार. त्या रात्री तुम्ही जागे होतात. उठा, उभे राहा.”

हशा पुढे बसलेल्यांतून सुरू झाला आणि मधेच विरला. पुजारी माळ हातात धरून तसाच राहिला.

ठाकूरजींच्या मुखावरच्या हास्याचं वर्णन मी जन्मभर कथेत ऐकत आलो. त्याला साथ करताना कितीदा माझे डोळे भरून आले आहेत. त्या दिवशी मला वर बघवेना. तरी बघितलं.

ठाकूरजी उभेच होते. एक पाय तिरका, बासरी ओठांशी. आणि हसत होते.