काळ्या रंगाचा दुसरा हात

"बाबा, तुमची खरी मुलगी कोण? मी की ती?"

हा प्रश्न विचारून दाखव, अशी पैज मैत्रिणींनी मधल्या सुट्टीत लावली होती. भिंगरीने घरात पाऊल टाकताच, दप्तर पाठीवर असतानाच तो विचारून टाकला. ती एका जागी कधी टिकतच नसे, म्हणून घरीदारी तिचं नाव भिंगरीच पडलं होतं.

बाबांनी मान वर केली नाही. टेबलावर त्यांचं वीतभर लांबीचं लाकडी जहाज होतं, पुढच्या रविवारच्या प्रदर्शनासाठी केलेलं. "आधी वार्निश होऊ दे," ते म्हणाले, "मग सांगतो."

'ती' म्हणजे मावसबहीण. शिकायला म्हणून वर्षभरासाठी इथे राहायला आलेली. भिंगरीपेक्षा दोन महिन्यांनी मोठी. आणि आईचं म्हणणं, तिला ताई म्हण. दोन महिन्यांसाठी कोण ताई म्हणतं? ते एक वेळ चाललं असतं, पण बाबांनी वार्निशचा ब्रश तिच्या हाती दिला आणि भिंगरीच्या पोटात दुखायला लागलं ते थांबेचना. रंग द्यायचा भिंगरीने, मान मोडेपर्यंत. शेवटी वरून एक पारदर्शक हात मारून शाबासकी घ्यायची बाईसाहेबांनी. आयत्या बिळावर नागोबा.

"तिचा ब्रश एकदा पुढे गेला की मागे येत नाही," बाबा म्हणायचे. "तू सारखी मागे जातेस, भिंगरी."

म्हणूनच काल संध्याकाळी घरात कोणी नसताना भिंगरीने जहाजाच्या पोटावर काळ्या रंगाचा दुसरा हात चढवला होता. चांगला जाड. असा चमकला पाहिजे, की वार्निशची गरजच पडू नये.

"मंगळवारी रंग दिलाय," बाबा मावसबहिणीला म्हणाले. "तीन दिवस झाले. मार आता."

कालचा हात सांगायचा सोडून भिंगरी टेबलाजवळ सरकली.

मावसबहिणीने ब्रश डब्यात बुडवला, काठावर निथळला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे असा न्यायला घेतला, की बघत राहावं. बघावंसं वाटलं याचाच भिंगरीला जास्त राग आला. पण मधे पोचेपर्यंत मागचा रंग आक्रसला. गार होणाऱ्या दुधावर साय धरते, तशा काळ्या पोटावर सुरकुत्याच सुरकुत्या.

"डबा नीट ढवळला नव्हतास?" बाबांचा आवाज चढला.

"ढवळला होता, काका."

"मग हे काय? महिनाभराची मेहनत आहे माझी."

मावसबहिणीचे कान लाल झाले. भिंगरीच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. लागली ना दृष्ट त्या सोन्याच्या हाताला.

"माझंच काही चुकलं असेल," मावसबहीण हळूच म्हणाली. "पुढच्या वेळी वार्निश तिला द्या, काका. तिला किती दिवसांपासून हवंय."

झालं. उकळ्या जागच्या जागी विरल्या. म्हणजे ब्रश मिळणार तोही हिने दिला म्हणून? आणि चांगुलपणातसुद्धा पहिला नंबर हिनेच काढायचा? हे मात्र भिंगरीला सहन होणारं नव्हतं.

"आई, तू पण बाहेर ये," तिने हाक मारली. दप्तर अजून पाठीवरच होतं. आई हात पुसत दारात आली.

"काल त्याच्यावर दुसरा हात मी मारला. वरून वाळला होता, आतून ओला असणार. हिचं काही चुकलेलं नाही."

बाबांनी चष्मा काढला. कोणी काही बोलायच्या आत भिंगरीने पुढचं सांगून टाकलं.

"मी ठरवलंय. आज सगळा काळा रंग घासून काढणार. पुन्हा देणार, पण एकच हात, आणि तीन दिवस त्याला बोटही लावणार नाही. वार्निश हीच मारेल. मी शेजारी बसून तिचा हात कसा जातो ते बघणार आणि पुढच्या जहाजाला स्वतः मारणार." तिने दप्तर पाठीवरून उतरवलं. "ताई मात्र म्हणणार नाही."