बाबांच्या घड्याळाचं चार्जिंग

मला एका जागी बसवत नाही. जन्मखोडच आहे ती. आई म्हणते, पोटात होते तेव्हाही मी तिला धड आडवं होऊ दिलं नाही. त्यामुळे मिक्दादच्या दुकानात त्या दिवशी मी उभी होते, येरझाऱ्या घालत होते, आणि बाबा खुर्चीत ऐसपैस बसून एकच प्रश्न विचारत होते.

"चार्जिंग किती दिवस पुरतं?"

मिक्दादने काचेवर दोन घड्याळं मांडली होती. "अबू रफीफ, हे घ्या. चौदा दिवस बघायला नको. वेळ दाखवतं, नाडी मोजतं, पावलं मोजतं. आणि हे दुसरं... हे हृदयाचा आलेख काढतं. बाजूच्या बटणावर बोट ठेवायचं, तीस सेकंद गप्प बसायचं, की झालं. शिवाय झोप मोजतं, नकाशा दाखवतं, फोन घेतं, पाणी प्या म्हणून आठवण करतं."

"पाणी प्यायची आठवण? तहान लागत नाही का लोकांना? चार्जिंगचं बोल."

"एक दिवस," मिक्दाद मान खाली घालून म्हणाला. "जपून वापरलंत तर दीड."

"म्हणजे रोज चारा घालायचा. एक ना धड भाराभर चिंध्या! दे बाबा ते पहिलं."

"मिक्दाद, त्यांचं काही ऐकू नकोस," मी म्हटलं. "ते दुसरंच दे."

रफीफ म्हणजे मी. मला भाऊ नाही, म्हणून अख्खा मिना, आमचं हे बंदराचं गाव, बाबांना माझ्याच नावाने हाक मारतो: अबू रफीफ, रफीफचा बाप. अडुसष्ट वर्षांचे आहेत आणि अजून पहाटे एकटे होडी घेऊन बेटांपर्यंत जातात. गेल्या हिवाळ्यापासून त्यांना मधूनच छातीत फडफड व्हायची आणि डोळ्यांपुढे अंधारी यायची. मिनिटभरात सगळं जागच्या जागी. एकदा जाळं ओढताना अंधारी आली आणि ते होडीतच आडवे झाले. तो तोल दुसऱ्या बाजूला गेला असता तर? हे मी आईला विचारलं नाही, आईने मला विचारलं नाही, पण आम्ही दोघी तेव्हापासून पहाटे जाग्याच असायचो.

डॉक्टर शिद्याकनी चार वेळा तपासलं. चारही वेळा बाबांचं हृदय शाळेतल्या हुशार मुलासारखं वागलं. "मला संशय आहे की ते मधेच थांबतं," डॉक्टर म्हणाले. "तसं असेल तर छातीत यंत्र बसवावं लागेल. पण नुसत्या संशयावर मी सुरी उचलणार नाही. भोवळ येईल तेव्हाचा एक आलेख मला आणून द्या. एकच. आणि तोवर समुद्र बंद."

समुद्र बंद! बाबांनी तेवढं एक वाक्य सोडून सगळं ऐकलं.

म्हणून ते घड्याळ. चौदा दिवस नुसती नाडी मोजणारं घेऊन मी काय त्याला लोणच्यात घालू? दुकानात आमची चांगलीच जुंपली. बाबा म्हणाले, "मेलेलं घड्याळ काय आलेख काढणार?" मी म्हटलं, "मग रोज चार्ज करू!" त्यावर मिक्दाद फिस्सकन हसला. लेबनॉनमध्ये राहून कुणी असं तोंड वर करून बोलत नाही. पण पैसे माझे होते, मी जिंकले.

जिंकले कसली! नाकापेक्षा मोती जड. आमच्या गल्लीतला जनरेटरवाला त्या महिन्यापासून संध्याकाळी सात ते अकरा एवढीच वीज द्यायला लागला होता. सरकारी वीज येते कधी नि जाते कधी, ते सरकारलाही माहीत नसतं. आणि आमची जोडणी तीन अँपिअरची. त्या चार तासांत पाण्याचा पंप, फ्रिज, कपड्यांचं मशीन, इस्त्री, सगळं उरकायचं, आणि एका वेळी एकच. जरा जास्त भार झाला की खाली इमारतीच्या दारातला खटका पडतो. तो वर करायला कुणीतरी पाच मजले उतरायचं आणि पाच मजले चढायचं. लिफ्ट तीन वर्षांपासून चौथ्या मजल्यावर अडकून आहे, तिच्यात आता कुणाच्या तरी कांद्यांच्या जाळ्या असतात.

पहिल्याच संध्याकाळी मी घड्याळ चार्जिंगला लावलं आणि अंघोळीला गेले. आले तर वायर भिंतीतून उपटलेली.

"आई! हे कुणी काढलं?"

"मी काढलं. मशीन लावलंय."

"अगं, मुंगीएवढी वीज खातं ते!"

"मुंगी तर मुंगी. मशीन लावताना सगळं काढायचं असतं. आज उगवलीस का या घरात?"

आईला दोष कसा देऊ? मशीन लावायचं म्हणजे आधी "लावतेय गंऽ" अशी आरोळी द्यायची आणि मग घरभर फिरून वायरी उपटायच्या, हे आमच्याकडे लहान पोरांनाही कळतं. मी गुपचूप वायर परत लावली. पाच मिनिटांत खटका पडला. तो फ्रिजने पाडला होता, मी शपथेवर सांगते. पण आई म्हणाली, "बघ, तुझं घड्याळ!" आणि मी मोबाइलच्या उजेडात पाच मजले खाली गेले.

पहिला आठवडा सगळा असाच गेला. दिवसभर औषधांच्या दुकानात उभं राहायचं आणि संध्याकाळी दोनदा, कधी तीनदा जिना. वर येऊन धापा टाकत आधी घड्याळ बघायचं: किती झालं? चाळीस. आता? त्रेचाळीस. मी जेवताना उठून बघायची, भांडी घासताना ओल्या हाताने बघायची. आई म्हणायची, "दुधापाशी उभं राहतात तशी त्याच्यापाशी उभी राहू नकोस, उतू नाही जात ते." बाबा बाल्कनीत सिगारेट ओढत बसायचे.

मग दुसऱ्या आठवड्यात चमत्कार झाला. बाबा समुद्रावरून आले, जेवले, झोपले, उठले, आणि संध्याकाळी मी घड्याळ बघितलं तर एकाहत्तर टक्के. दुसऱ्या दिवशी पंचाहत्तर. मला वाटलं, नवीन बॅटरी आहे, रुळली असेल. चार्जिंगला लावलेली वायर मी आईला खुशाल काढू द्यायला लागले. मिक्दादच्या दुकानावरून जाताना मी त्याला ऐकवलंसुद्धा, "काय रे, एकच दिवस म्हणत होतास ना? दोन दिवस जातं आमचं!" तो डोकं खाजवत राहिला. मला इतकं हलकं वाटत होतं की पहाटे बाबांचा दरवाजा वाजला तरी मी कूस बदलून झोपायची.

तीन आठवड्यांनी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. बाबांनी धुतलेला शर्ट घातला होता. डॉक्टरांनी विचारायच्या आत त्यांनी मनगट पुढे केलं.

"ब्याण्णव टक्के," ते म्हणाले. "बघा डॉक्टर, कसं सांभाळलंय."

डॉक्टरांनी माझा मोबाइल घेतला, घड्याळाची नोंद वर-खाली केली. परत केली. चष्मा काढला.

"रफीफ, यात दुसऱ्या आठवड्यापासून रोज सकाळी अकरानंतरचंच आहे. पहाटे चार ते अकरा काहीच नाही. आलेख तर एकही नाही. अबू रफीफ, भोवळ आली नाही का?"

"आली ना. तीनदा."

"कुठे?"

"होडीत."

"आणि घड्याळ?"

"बंद करून ठेवलेलं," बाबा म्हणाले, जणू शहाणपणाची गोष्ट सांगताहेत. "नुसतं हातावर चालू ठेवून वाया का घालवायचं? भोवळ आली की चालू करायचं, असं ठरवलेलं. केलंही मी चालू, तिन्ही वेळा. पण ते मेलं सरकारी विजेसारखं येतं. आधी कंपनीचं नाव येतं, मग गोल गोल फिरतं, आणि उघडेपर्यंत माझं सगळं ठीक झालेलं असतं."

मला रडूही आलं आणि रागही आला, आणि राग आधी बाहेर पडला. दवाखान्याच्या जिन्यातच मी सुरू झाले. "तीन वेळा! तीन वेळा आली आणि तुम्ही बोलला नाहीत? ब्याण्णव टक्क्यांची काय पूजा करायची आहे? कशासाठी राखून ठेवलंत ते चार्जिंग? मेल्यावर लागतं का?"

"ओरडू नकोस, लोक बघतात."

"बघू देत!"

बाबा कठड्याला धरून उभे राहिले. "रोज संध्याकाळी तू तीन-तीनदा पाच मजले खाली-वर करत होतीस," ते म्हणाले. "मी बाल्कनीत बसून ऐकायचो तुझी पावलं. घड्याळ माझं आणि दम तुझा जायचा. म्हटलं, थोडं वाचवलं तर पोरगी जरा बसेल."

मी उरलेल्या पायऱ्या भराभर उतरून बाहेर गेले आणि रस्त्यावर उभी राहून रडले.

डॉक्टरांनी आणखी तीन आठवडे दिले होते. बाबांच्या हातावर घड्याळ चालू राहील याची खात्री एकाच रीतीने होणार होती, आणि ती रीत मला अजिबात नको होती. मला बोट लागते. मच्छीमाराची मुलगी आणि बोट लागते, हा मिन्यातला जुना विनोद आहे. बाराव्या वर्षी एकदा गेले होते ती होडीभर ओकून आले, त्यानंतर पाय ठेवला नव्हता. पण दुसऱ्या दिवशी पहाटे मी बाबांच्या आधी दारात उभी होते.

"दुकान?"

"नऊला उघडतं. उशीर होईल म्हणून मालकाला सांगून ठेवलंय."

"आणि ओकलीस तर?"

"मासे खातील."

तीन दिवस मीच मासे पोसले. तीन दिवस काही झालं नाही. बाबा तर जाळं टाकताना गाणी म्हणत होते, मला चिडवायला. चौथ्या दिवसाची आदली संध्याकाळ वाईट गेली. जनरेटर दीड तास आधीच बंद पडला, आणि निघताना घड्याळ बत्तीस टक्क्यांवर होतं. मी बाबांना म्हटलं, आज राहू दे. ते म्हणाले, "बत्तीस काय कमी आहेत? दहावीत तुला गणितात तेवढेच होते."

उजाडलं होतं. बेटांच्या अलीकडे इंजिन बंद करून बाबा जाळं ओढत होते, सुलतान इब्राहिम मासे मिळाले होते चांगले, लालबुंद. मी काठावरून वाकून पोट रिकामं करत होते. मागचं गाणं मधेच थांबलं. मी तोंड पुसायच्या आधी वळले.

बाबा फळीवर बसले होते. जाळं हातात तसंच. तोंडाचा रंग उडालेला.

"फडफड?"

त्यांनी मान हलवली की नुसती खाली गेली, कळलं नाही. मी त्यांच्याजवळ गेले, जाळं सोडवलं, त्यांचा डावा हात माझ्या मांडीवर घेतला आणि उजव्या हाताचं बोट धरून बटणावर दाबलं. पडद्यावर आकडा आला. तीस. एकोणतीस. अठ्ठावीस. होडी हेलकावली, माझा गुडघा हलला, आणि रेघ विस्कटून गेली. हात स्थिर ठेवा, असं ते मेलं घड्याळ मला सांगायला लागलं. समुद्रात!

"बाबा, माझ्यावर टेका. सगळा भार टाका."

मी होडीच्या तळाशी बसले, पाय दोन्ही बाजूंच्या लाकडांना रोवले, त्यांना माझ्या पाठीवर टेकवलं आणि त्यांचे दोन्ही हात माझ्या छातीशी आवळून धरले. बोट पुन्हा बटणावर. तीस. त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर कलंडलं. मला ओरडायचं होतं, त्यांना हलवायचं होतं, गालावर थापट्या मारायच्या होत्या, इंजिन सुरू करून किनाऱ्याकडे सुटायचं होतं. बावीस. घशाशी आलेलं मी परत गिळलं. रेघेवर एक टेकडी आली, मग दुसरी, मग रेघ सरळच चालत राहिली, सरळ, सरळ. मी श्वास घेतला नाही. देवा, एक टेकडी दे. पंधरा. आली. मग पुन्हा सपाट. त्या रेघेवरून नजर न काढता मी तशीच बसले होते, दगडासारखी, आणि आईशपथ, माझी पापणीसुद्धा लवली नाही. पाच. चार. माझ्या हातात त्यांची बोटं गार पडली होती. दोन. एक.

नोंद झाली, असं घड्याळाने लिहिलं. त्याखाली ते नेहमीचं, चार्जिंग कमी आहे. मी तरीही हात सोडले नाहीत. पाण्याचा आवाज येत होता आणि टोपलीत मासे फडफडत होते. मग माझ्या खांद्यावर एक लांब श्वास आला, पाठोपाठ दुसरा, आणि बाबांनी डोळे उघडले. त्यांनी माझ्याकडे नाही, मनगटाकडे पाहिलं.

"किती उरलंय?"

"अकरा टक्के," मी म्हटलं. "बाबा, मिळाला. आलेख मिळाला."

"मग पुरे झालं," ते म्हणाले. "आता तू जरा बस."

मी बसलेलीच होते.