पाणी कोण घालतं?

फोटो पाठवून झाडाचं दुखणं विचारणाऱ्यांना मी सरळ विचारते, डॉक्टरलाही जिभेचा फोटोच पाठवता का? बत्तीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत काढलीत मी. निवृत्त झाल्यापासून लोकांच्या घरी जाऊन कुंड्या तपासते. पान पिवळं पडलं की खत घाला, मान टाकली की पाणी घाला, एवढंच लोकांना येतं. निम्मी झाडं तर हे लोक लाडानंच मारतात.

त्या मंगळवारी नारायण पेठेतून रिक्षा करून हडपसरला नम्रताच्या फ्लॅटवर गेले. ती आयटीतली, घरूनच काम करते. नवरा कामासाठी बंगलोरला. घरात सासरे रंगराव आणि पाच वर्षांची पायल. पायल तेव्हा शाळेत होती.

हॉलमध्ये देव्हाऱ्याशेजारी पीस लिलीची कुंडी होती. खालची पानं पिवळीधमक, बाकीची माना टाकून पडलेली.

"काकू, तहानलीये का हो ती? मी आठवड्यातून एकदाच पाणी घालते," नम्रता म्हणाली.

"तहानलेल्या झाडाची पानं कुरकुरीत होतात. ही बघा, लिबलिबीत झालीत." मी मातीत बोट घातलं. दुसऱ्या पेरापर्यंत नुसता चिखल आणि आंबूस वास. "आठवड्यातून एकदा म्हणे! कुणाला शेंडी लावताय?"

"अहो, खरंच! बाबा फक्त देवाच्या अंघोळीचं पाणी घालतात. ते मोरीत ओतायचं नसतं ना, आणि बाल्कनीत ऊन नाही, तुळस जगत नाही. पण तेही वाटीभर, सकाळी एकदा."

"वाटीभर पाण्यानं असं तळं होत नाही," मी म्हटलं. पण तिची मीटिंग सुरू होणार होती. ती आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

मी वर्तमानपत्र पसरलं आणि कुंडी उपडी केली. मुळं काळी पडलेली, हात लावला की साल सुटून येत होती. मातीत अक्षता, तुळशीची पानं, पाकळ्या, सगळं थरावर थर.

तेवढ्यात रंगराव खोलीतून बाहेर आले. उंच, ताठ माणूस. "आपण?" त्यांनी विचारलं. झाड बघायला आलेय म्हटल्यावर दोन मिनिटं बोलले. खडकवासल्याच्या कालव्यावर पाणी सोडण्यात आणि मोजण्यात उभी नोकरी गेली म्हणाले. मग देवांपुढे बसले, सावकाश पूजा केली. ताम्हनातलं पाणी माझ्या पुढ्यातल्या मातीवर ओतलं आणि खोलीत गेले. देवाचं काम म्हणून मी अडवलं नाही.

दहा मिनिटांनी ते पुन्हा बाहेर आले.

"आपण?" त्यांनी विचारलं.

झाड बघायला आलेय, मी पुन्हा सांगितलं. ते देवांपुढे बसले. मघाशी वाहिलेली ताजी फुलं बाजूला काढली आणि देवांना पुन्हा अंघोळ घातली.  जिभेला हाड नाही माझ्या.

"अहो, आत्ताच केलीत की पूजा! माझ्यासमोर!"

त्यांनी बाजूला काढलेल्या फुलांकडे पाहिलं. मग माझ्या पुढ्यातल्या चिखलाकडे पाहिलं. ताम्हन हातात तसंच राहिलं.

"सुनेला सांगू नका," ते हळूच म्हणाले. "हल्ली होतं असं, मला कळतं ते. तिला समजलं तर पायलला आणायला मला पाठवणार नाही. बारा वीसला फाटकाशी बस येते तिची. तेवढं एकच काम उरलंय हो मला."

मला त्यांची दया आली आणि रागही आला. "आणि वाटेत विसरलात तर? पोरीचं काय?"

"ते नाही विसरत. एक दिवस चुकलो नाही."

सव्वाबारा झालेच होते. ते चपला घालायला लागले. नम्रताला मी सांगणार होतेच, पण आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघावं म्हटलं. मातीचे हात पुसले आणि त्यांच्यामागून निघाले.

बस आली. पायल उतरली आणि तिनं आजोबांचा हात धरला. माझ्या पुढे दोघं चालायला लागली तसे रंगराव सरळ समोरच्या इमारतीकडे वळले. पोरीनं त्यांचा हात ओढला. "आजोबा, तिकडे नाही. आपली डी विंग." लिफ्टमध्ये त्यांचं बोट बटणांवर थांबलं. "सात," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून कुजबुजली, "मी रोज सांगते त्यांना. आईला नाही सांगत. नाहीतर ती आजोबांना पाठवणारच नाही."

लिफ्ट ती केवढीशी! रंगरावांना सगळं ऐकू गेलं. इतके दिवस आपण नातीला आणतोय असंच समजत होते ते. त्यांचा चेहरा मला बघवेना.

घरात आल्यावर मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच नम्रताचं दार वाजवलं.

"सूनबाई, उद्यापासून पायलला तू आण. मी विसरतो. पूजा दोन-दोनदा करतो, घर चुकतो. ही एवढीशी पोर मला हाताला धरून आणते, आणि तुझ्यापासून लपवते. तिच्यावर हे ओझं नको."

नम्रता हेडफोन गळ्यात घेऊन उभी होती. तिचे डोळे भरून आले. "बाबा, आपण डॉक्टरांकडे जाऊ. मी आहे," ती म्हणाली आणि त्यांना सोफ्यावर बसवलं. मीटिंग तिनं बंदच करून टाकली.

मला रडू फुटलं, म्हणून मी झाडाकडे वळले. सडलेली मुळं कात्रीनं कापली, दोन-चार पांढरी राहिली होती ती कोरड्या मातीत लावली. जगेल का, ते काही मी सांगितलं नाही, नम्रतानंही विचारलं नाही. तिनं पायलला वरणभात वाढला.

मी हात धुऊन आले, तर रंगराव घड्याळाकडे बघत होते. ते उठले, दाराशी गेले आणि चपला घालायला लागले.

"बसची वेळ झाली," ते म्हणाले. "पायल वाट बघत असेल."

पायलचा घास हातातच राहिला. तिनं आईकडे पाहिलं. नम्रतानं भाताचं भांडं खाली ठेवलं.

"थांबा बाबा, आम्हीपण येतो," ती म्हणाली.

पायल खुर्चीवरून उतरली आणि तिनं खरकटा हात फ्रॉकला पुसून आजोबांचा हात धरला. मग तिघं मिळून पायलला आणायला खाली गेली.