फ्रिजमधला जिताडा

आमच्या खाडीकाठी माणूस आजारातून उठला की डॉक्टरच्या घरी जिताडा मासा पोचवतात. शेतं गेली, त्यांवर इमारती उभ्या राहिल्या, भरतीचं पाणी अडवणारे बांध आता शोधूनही सापडत नाहीत. पण ही पद्धत टिकली. त्यामुळे नावड्याच्या दवाखान्यातला फ्रिज उघडल्यावर हातभर मासा दिसला, तेव्हा मला हसूच आलं. मग माशाला चिकटून ठेवलेल्या लशी दिसल्या आणि हसू जागच्या जागी थांबलं.

मी पस्तीस वर्षं सरकारी नर्स होते. निवृत्त होऊनही पंधरा वर्षं झाली, तरी इथली जुनी माणसं मला पुतळा सिस्टरच म्हणतात. दवाखाना डॉक्टर केतनचा. त्याच्या वडिलांनी तो काढला तेव्हा केतन टेबलाखाली बसून रिकाम्या बाटल्यांशी खेळायचा. येत्या सोमवारी बाहेरून तपासणीचं पथक येणार होतं. दवाखान्यात उपचार कसे होतात, पेशंट किती सुरक्षित आहेत, ते बघून प्रमाणपत्र देणार होतं. म्हणून शुक्रवारी केतनने मला बोलावलं.

“मावशी, त्यांच्याआधी तुम्ही एक नजर टाका. तुम्ही ओके म्हणालात की मी निवांत.”

हात धुवायची जागा स्वच्छ होती. वापरलेल्या सुयांचा डबा वेगळा होता. औषधांच्या तारखा मी एकेक करून पाहिल्या, एकही उलटलेली नव्हती. मनात म्हटलं, पोराने बापाचं नाव राखलं. आणि शेवटी फ्रिज उघडला.

दारावर तापमानाचा तक्ता लावलेला होता. रोज पाच. सगळीकडे पाच, एकाच पेनने. रविवारी दवाखाना बंद असतो, तरी रविवारीही पाच. मी मासा बाजूला करून आतला थर्मामीटर काढला. काटा शून्याच्या खाली होता.

“गोटीराम!” मी हाक मारली.

गोटीराम चाळीस वर्षांपासून इथला कंपाउंडर. दोन डॉक्टर त्याच्या हाताखालून गेले, असं तो स्वतःच सांगतो.

“हा मासा कुणाचा?”

“शिवाने आनलाय, काल. डॉक्टरसाठी. आजारातून उठला ना तो, त्याचा हा दुसरा. तुला पायजे का अर्धा?”

“पहिला कधी आणलान?”

“झाले तीन हप्ते. चौदा तारखेला. तवाच मी नॉब पार शेवटाला फिरवला. मासा नासला असता ना.”

“आणि लशी?”

“त्याना काय झाला? जास्ती थंड तं जास्ती चांगलाच हाय की!”

तो अगदी निरागसपणे बोलला. चूक ती हीच. लस उन्हात ठेवू नये हे सगळ्यांना कळतं. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताची त्रिगुणी लस एकदा गोठली की तीही वाया जाते, हे कुणाला खरं वाटत नाही. वितळली की ती दिसते पहिल्यासारखीच.

केतनला आत बोलावलं. त्याने तक्ता पाहिला, थर्मामीटर पाहिला आणि खुर्चीत बसला.

“मावशी, मासा काढू. फ्रिज पुसू. नॉब जागेवर आणू. सोमवारपर्यंत सगळं क्लीन.”

“आणि ज्या पोरांना टोचलं ती?”

“कदाचित लस गोठलीही नसेल. उगाच टेन्शन कशाला?”

“कदाचित म्हणतोस ना? मग तपासू.”

त्याच खोक्यातली एक बाटली मी मुद्दाम बर्फाच्या कप्प्यात ठेवली. शनिवारी सकाळी ती दगडासारखी गोठलेली होती. पूर्ण वितळू दिली. मग ती आणि फ्रिजमधली दुसरी, दोन्ही एकदम हलवल्या आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. चांगली लस बराच वेळ दुधासारखी गढूळ राहते. गोठलेलीचा गाळ भराभर तळाला बसतो. आम्ही तिघं बघत बसलो.

त्या अर्ध्या तासात मला शहाऐंशी साल आठवलं. गोवराच्या लशीचा डबा मांडीवर घेऊन मी होडीतून खाडीपलीकडच्या गावी निघाले होते. ओहोटीने होडी चिखलात बसली ती तीन तास. पोचले तेव्हा डब्यातल्या बर्फाचं पाणी झालं होतं. मिठागरावरचं काम सोडून बायका पोरं घेऊन थांबल्या होत्या. परत जा, असं म्हणायची मला लाज वाटली. मी टोचलं. पुढच्या वर्षी त्या गावात गोवर आला आणि मी टोचलेल्यांपैकी गोजराची मुलगी गेली. माझ्या लशीमुळेच, असं कुणी म्हणालं नाही. लस दिलेली मुलंही कधी दगावतात, असं मोठ्या साहेबांनी वर सांगितलं. पण गोजराची पायरी मी कधी चढले नाही. वाट वाकडी करून जात राहिले.

“सिस्टर,” गोटीराम म्हणाला, “दोनी सारख्याच दिसतान.”

दोन्ही बाटल्यांच्या तळाशी पांढरा थर बसला होता. वर नितळ पाणी.

केतन हळूच म्हणाला, “फोन केले तर संध्याकाळपर्यंत सगळ्या नावड्यात बोंब होईल. सोमवारी पथक दारात.”

“होऊ दे बोंब. पथक परत येईल. घटसर्प झालेलं पोर परत येईलच असं नाही.”

गोटीरामने रजिस्टर ओढलं, चौदा तारखेचं पान काढलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

“लिव. पहिला नाव माझे नातीचा. मीच आनली व्हती तिला, हौसेने.”

एकोणीस नावं झाली. फोन मी लावले.

“काय खेळ आहे काय?” तस्नीम नावाची एक आई ओरडली. “त्या सुईने पोरगी दोन दिवस रडत होती! आता परत?”

“परत, बाई. पहिली टोचणी वाया गेली. चूक आमची आहे, तुझी नाही.”

“मग आधी काय झोपला होतात?”

“हो,” मी म्हटलं. “सोमवारी नऊला आण. नवी लस येते आहे.”

चार-पाच शिव्या खाल्ल्यावर कान सरावले. अठरा घरं झाली. एकोणिसाव्याचा फोन बंद. पत्ता खांदेश्वरचा, बाप न्हावा शेव्याला कंटेनर चालवतो.

“सोमवारी परत लावू,” केतन म्हणाला.

“नको. मी आत्ता जाते.”

“मावशी, तिसरा मजला आहे. तुमचे गुडघे...”

“गुडघे माझे आहेत. गोटीराम, रिक्षा बोलव.”

मी चप्पल घालत होते, तेवढ्यात केतनने गाडीची किल्ली उचलली. “बसा. सांगायला मीच हवा.”

जिना चढताना तो माझ्यासाठी प्रत्येक वळणावर थांबत होता. थोडा स्वतःसाठीही, हे मला कळत होतं. दारामागे बाळाचं खिदळणं ऐकू येत होतं. केतनने माझ्याकडे पाहिलं. मी कठड्याला धरून एक पायरी खालीच थांबले.

बेल त्याने वाजवली.

“नबीलाताई, मी डॉक्टर केतन. बाळाला दिलेली लस आमच्या चुकीमुळे वाया गेली आहे,” तो म्हणाला. “दोन मिनिटं आत येऊन सांगू का?”

तिने आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं, कडेवरचं बाळ घट्ट धरलं आणि दार पूर्ण उघडलं. मी उरलेली पायरी चढले.