येते हं

मिराबेल फळांची पिशवी उचलून श्यामकांत वळला आणि मागून त्याची बायको विभावरी म्हणाली, “येते हं.”

त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. वळून पाहिलं तर फळवाल्या ओडीलबाई हात हलवत होत्या. शब्द विभावरीचे, ‘हं’वरचा हेलही तिचाच, फक्त बाई सत्तरीच्या आणि फ्रेंच.

दर ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या एर्लांगेनहून गाडी काढायची, ऱ्हाईन ओलांडायची आणि फ्रान्सच्या अल्सासमधल्या या खेड्यात आठवडाभर राहायचं, हा त्यांचा नेम. शनिवारच्या बाजारात विभावरी भान विसरायची. मुन्स्टर चीजच्या गाडीपाशी आली की नाकाला स्कार्फ लावायची, आणि ओडीलबाईंकडून मिराबेल, म्हणजे बोराएवढे पिवळे प्लम, साखरांब्यासाठी पिशव्या भरभरून घ्यायची. निघताना ‘जाते’ म्हणणं तिच्या जिभेला ठाऊक नव्हतं. फळवाली असो की बसचा ड्रायव्हर, ती ‘येते हं’ म्हणूनच निघायची. ओडीलबाईंनी तो हिंदुस्थानी राम राम समजून उचलला आणि आपल्याच दुकानात उभं राहून जाणाऱ्या गिऱ्हाइकाला ‘येते हं’ म्हणू लागल्या. श्यामकांत त्यांची चूक सुधारायला गेला, तेव्हा विभावरीनेच त्याला दटावलं होतं. म्हणू देत की, कुणाचं काय बिघडतंय! ती होतीच तशी. जर्मनीत नवी आली तेव्हा जो तो ‘या, या’, म्हणजे जर्मनमधलं ‘हो, हो’, म्हणतोय हे ऐकून, भारी अगत्याची माणसं आहेत ही, अशी तिची बरेच दिवस समजूत होती.

फेब्रुवारीत ती गेली. त्यानंतर श्यामकांतला एर्लांगेन नकोसं झालं. एक्स-रे यंत्रं तपासताना सहकारी त्याच्याशी हलक्या आवाजात बोलत. बेकरीतली बाई न मागता एक पाव जास्त घालून देई. ती गेल्याचं सगळ्या जगाला ठाऊक होतं, ठाऊक नव्हतं ते फक्त या खेड्याला. म्हणून तर तो इथे आला होता. इथे विभावरी अजून होती.

त्यामुळे मघाशी पिशवी भरताना मादाम कुठे आहेत, असं ओडीलबाईंनी आपल्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये विचारलं, तेव्हा तो बेधडक म्हणाला की तिचं डोकं दुखतंय, खोलीवर पडली आहे. हे बोलताना त्याला इतकं बरं वाटलं, की आपण थाप मारतोय हे तो विसरूनच गेला. बाईंनी आणखी ओंजळभर मिराबेल पिशवीत टाकले. वर, बाजार उठला की मादामसाठी फुलांचा काढा घेऊन येईन, असंही सांगितलं. शेजारी उभ्या असलेल्या सोळा वर्षांच्या स्पृहाने बापाकडे पाहिलं.

चौकातल्या खानावळीत श्यामकांतने तिघांचं टेबल मागितलं. विभावरीचं नेहमीचं सॅलड, मांसाशिवाय, असं बजावून सांगितलं, आणि दरवर्षीप्रमाणे त्यात डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे आलेच. एवढेसे तुकडे इथे मांसात धरत नसावेत. विभावरी न चिडता ते वेचायची आणि नवऱ्याच्या बशीत टाकायची. आज सॅलड रिकाम्या खुर्चीसमोर तसंच राहिलं. बाहेर दुकानदारांची आवराआवर सुरू झाली होती.

“त्या खोलीवर येणार आहेत,” स्पृहा जर्मनमध्ये म्हणाली. मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमधूनच यायचं. “तेव्हा काय सांगणार, बाबा?”

“झोपलीये म्हणू.”

“आणि पुढच्या वर्षी?”

समोरची खुर्ची त्याच्याकडे बघत असल्यासारखी वाटू लागली. फेब्रुवारीत ऑपरेशनला नेताना स्ट्रेचरवरून विभावरी सवयीने म्हणाली होती, “येते हं.” नेमकं तेव्हाच नर्सने विचारलं, तुम्ही बाहेर थांबणार ना, आणि तो नर्सकडे बघून “या, या” म्हणाला. विभावरीला हसू फुटलं. “अहो, मला काय ‘या’ म्हणता? ‘ये’ म्हणा की.” तो म्हणणार, तोवर दार मिटलं. तेव्हापासून तो एवढासा शब्द त्याच्या घशात अडकून होता. घरात चहा गाळताना, जिना चढताना, कुणीतरी मागे थांबून त्याची वाट बघतंय असं त्याला वाटायचं. मागे वळायची मात्र त्याला भीती वाटे.

“मी सांगू त्यांना?” स्पृहाने विचारलं. “मला फ्रेंच येतं.”

एकदा का सांगितलं, की विभावरी इथूनही जाणार होती. मग तिला ठेवायला श्यामकांतकडे दुसरी जागा नव्हती. पण बाई काढा घेऊन येतील, दार वाजवतील आणि ते या पोरीला उघडावं लागेल, हेही त्याला दिसत होतं. त्याने होकारार्थी मान हलवली.

स्पृहा उठली. दारापाशी थबकली, वळली आणि कितीतरी दिवसांनी मराठीत बोलली. आईसारखाच ‘हं’ लांबवत म्हणाली, “येते हं, बाबा.”

“ये,” श्यामकांत म्हणाला.

आवाज जरा मोठाच निघाला असावा, कारण शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघू लागली. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्याने ते पुसलं नाही. काचेतून त्याला चौक दिसत होता. स्पृहा ओडीलबाईंसमोर जाऊन उभी राहिली. बाईंनी हातातली पेटी हळूच खाली ठेवली, ॲप्रनला हात पुसले आणि पोरीला जवळ घेतलं.

परत आल्यावर स्पृहा आईच्या खुर्चीवर बसली. स्वतः ती सगळं खायची, तरीही सॅलडमधले तुकडे एकेक वेचून बापाच्या बशीत टाकू लागली. श्यामकांतने काटा उचलला आणि ते खाल्ले.