सोळावी ढाल

आमचा गॉटहार्ट वेट्झलारच्या बादशाही न्यायालयात न्यायाधीश. इतक्या वर्षांत त्यानं कुणाकडून हरणाची साधी तंगडीसुद्धा भेट म्हणून घेतली नाही. मी त्याची थोरली बहीण, बिनलग्नाची, त्याच्याच घरात राहणारी. त्याच्या सोवळेपणाचा मला अभिमान होता आणि वैतागही, कारण आमच्या ताटात कायम बार्लीची पेज.

त्याची एकुलती एक लेक युलियाने. तिला फॉन ट्रोटनबर्ग नावाच्या, दोन बायकांना मूठमाती दिलेल्या म्हाताऱ्यानं मागणी घातली होती. त्याला टाळायची एकच सभ्य वाट होती, घरंदाज कुमारिकांचा मठ. तिथे स्वतःच्या खोल्या, हाताखाली दासी, आणि नवऱ्याची कटकट नाही. पण मुलीचे खापरपणजे आणि खापरपणज्या, सोळाच्या सोळा कुलीन हव्यात. त्यांच्या कुलचिन्हांच्या ढाली एका फळीवर रंगवून न्यायच्या आणि बापानं त्या खऱ्या असल्याची शपथ घ्यायची.

पंधरा ढाली चोख होत्या. सोळावी खापरपणजी मार्गारेटाची, ती मात्र बिअर करणाऱ्याची लेक, तिच्या घराला कुलचिन्हच नव्हतं.

चितारी म्हणाला, "सरकार, एखादा सिंह काढून देतो. सगळेच काढून घेतात."

गॉटहार्टनं त्याला उद्या ये म्हणून सांगितलं.

"आत्या, बाबा नाही म्हणाले तर?" युलियानेनं मला विचारलं.

"बघू कसा नाही म्हणतो ते!"

जेवताना मी विषय काढला. "अरे, तो सिंह तुला खातोय का? काढू दे की."

"ताई, खोट्या शपथेसाठी मी माणसांना तुरुंगात धाडलंय."

"मग लेकीला त्या थेरड्याच्या घरी धाड."

त्याची पेज तशीच निवली.

मठात तो फळीसमोर उभा राहिला, पवित्र ग्रंथावर हात ठेवला आणि स्वच्छ आवाजात शपथ घेतली. सिंह चांगला लालभडक दिसत होता. मठाच्या आईसाहेबांनी युलियानेच्या छातीवर काळ्या फितीतला क्रूस लावला. कित्येक महिन्यांनी पोर हसली. मला नाचावंसं वाटलं.

परतताना घोडागाडीत मी म्हटलं, "बघ, आभाळ कोसळलं का?"

"नाही. गाडी आधी न्यायालयाकडे घेऊ. राजीनामा द्यायचाय."

"वेड लागलंय? कुणाला कळणार आहे?"

"उद्या माझ्यासमोर कुणी शपथ घेईल, ताई. त्याच्याकडे कोणत्या तोंडानं बघू?"

मी भांडले, रडले, त्याला मूर्ख म्हटलं. त्यानं एवढंच सांगितलं, "पोरीला कळू देऊ नकोस. डोळे अधू झाले म्हणावं."

नाताळात युलियाने घरी आली. अंगानं भरली होती, गालांवर रंग चढला होता. बापाला दिसत नाही असं समजून ती रोज दुपारी त्याला मोठ्यानं वाचून दाखवायची. आमच्या घरात सगळ्यांत तीक्ष्ण नजर त्याची. तो डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून, शेवटपर्यंत ऐकत बसायचा.