परातीतलं पिवळं पाणी

रविवारी सकाळी तिकोणा पेठेत सरूबाईच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. कामशेतहून दोन जीपा भरून आल्या होत्या, आंबीच्या कारखान्यातले चौघे तर शिफ्ट बुडवून आलेले. का? तर सरूबाई परातीत कावीळ उतरवते म्हणून! ती रोग्याच्या हातांना कसलासा रस चोळायची, हात परातीतल्या पाण्यात बुडवायची, आणि पाणी पिवळंधमक!

"बगा, कशी भाईर पडतीया!" सरूबाई गर्जायची. "डागदर नुसतं रगत काडत्यात, मी रोगच काडते. येकदा उतरली की सात पिढ्या वळून बगत न्हाई!" सात पिढ्या थांबून कोण तपासणार म्हणा.

गर्दीच्या कडेला शुभदा उभी होती. सरूबाईची सख्खी भाची, याच घरात राहून शिकलेली, आता एका नर्सिंग कॉलेजात विद्यार्थ्यांच्या आरोग्य नोंदी ठेवणारी. कॉलेजचा नियम साधा: वॉर्डात जाण्याआधी रक्तातून लागणाऱ्या काविळीच्या लशीचे तीन डोस, आणि कार्डावर तशी नोंद.

आज परातीपुढे बसली होती त्याच कॉलेजची सृष्टी. डोळे पिवळे, मान टाकलेली. आठवडाभर तिच्या पोटात पाणी ठरत नव्हतं.

शुभदानं तिला लगेच ओळखलं. सहा महिन्यांपूर्वी हीच पोर कोरं कार्ड घेऊन आली होती. "मॅडम, तुमच्या मावशींनी आधीच उतरवलीय. सुई टोचली तर गुण जाईल म्हणाल्या." पाठोपाठ मावशीचा फोन: "माज्या शब्दाला मान हाय का न्हाई, शुभे?" आणि रसायनशास्त्र शिकलेल्या शुभदानं तिन्ही रकान्यांत बरोबरच्या खुणा केल्या. पुढे वॉर्डात सृष्टीच्या बोटाला वापरलेली सुई लागली. कार्ड पूर्ण दिसलं, म्हणून कुणी काही उपचार केला नाही.

"मावशी, थांब. आधी माझे हात बुडव."

"तुला कुटं कावीळ हाय?"

"नाही ना? मग बुडव."

लोक हसले. सरूबाईचा नाइलाज झाला. रस चोळला, हात बुडवले, आणि पाणी पिवळं! जीपवाला पप्पू पुढे सरसावला. त्याचंही पिवळं.

"आयला, मलाबी झाली की!"

शुभदानं साबणानं हात धुतले, परात पालथी करून, सरूबाई ज्यातून पाणी ओतायची त्याच हंड्यातलं पाणी घेतलं आणि रसाशिवाय हात बुडवले. पाणी जसंच्या तसं राहिलं.

"हा रस आंब्याच्या सालीचा, आणि हे पाणी चुन्याची निवळी. दोन्ही भेटले की पिवळं होणारच. रोग जिथल्या तिथं."

"पर माजा भाऊ बरा झाला की हितं!" कुणीतरी ओरडलं.

"पुष्कळांची कावीळ आरामानं आपली आपण उतरते. नाव होतं परातीचं. ज्यांची उतरत नाही, ते सांगायला परत येत नाहीत."

"हितं जेवलीस, हितंच शिकलीस, शुभे," सरूबाई पुटपुटली.

"व्हय, मावशी. म्हणून तर इतकी वर्षं गप्प बसले. तुला सासूनं शिकवलं तेवढंच ठाऊक. मला सगळं माहीत होतं."

मग ती सृष्टीच्या आईकडे, नंदाबाईकडे वळली आणि खोट्या खुणांचं सगळं सांगून टाकलं. नंदाबाईनं सृष्टीला काखेत धरून उभं केलं.

"आदी पोरीला गाडीत घाला. तुमचं मागनं बगते."

पप्पूनं जीप थेट इस्पितळाच्या दारात नेली. सोमवारी शुभदानं त्या तिन्ही खुणांवर काट मारली, खाली लिहिलं, "डोस दिलेले नाहीत. खोटी नोंद माझी," आणि कार्ड प्राचार्यांपुढे ठेवलं. नोकरीचं काय होईल, ते अजून ठरायचंय.

बाबांनो, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एखाद्या धडधाकट माणसाचे हात त्यात बुडवून बघा. पोरांना लस वेळेवर द्या, दिली तेवढीच कार्डावर लिहा. आणि ज्याला खरं माहीत आहे, त्यानं नात्याच्या भिडेनं तोंड मिटून बसू नये.

सृष्टी अजून खाटेवरच आहे. शुभदा रोज संध्याकाळी तिच्यासाठी पेज घेऊन जाते. नंदाबाई डबा हातात घेते, पण शुभदाशी बोलत नाही.